बाबांची पन्नाशी आणि शाळेची रजा: इंग्लंडमध्ये हेडटीचरकडे काय मागावं, काय मागू नये

प्रश्न थोडक्यात असा. कुटुंब रेडिंगचं. मुलगा यिअर फाइव्हमध्ये, मुलगी रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या सगळ्यात पहिल्या वर्गात. तिला डिसेंबरात पाच वर्षं पूर्ण होतील. मिस्टरांची पन्नाशी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी. सासरी पुण्याला वैष्णवी शांत (पन्नाशीचा धार्मिक विधी) करायची, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं जेवण, आणि गेलोच आहोत तर चार दिवस राहून यायचं. शाळेचे एकूण आठ दिवस बुडतात. शाळा परवानगी देईल का, नाही दिली तर दंड किती, आणि सरळ 'मुलं आजारी आहेत' असं कळवून मोकळं व्हावं का?

आधी उत्तरं. आठ दिवसांची परवानगी मिळणार नाही असंच धरून चाला. दंड झालाच तर बहुधा फक्त मुलापायी होईल. दोघा पालकांचा मिळून १६० पौंड, तोही लगेच भरला तर. आजारपणाचं सोंग मात्र अजिबात नको. आता हे असं का, आणि त्यातून वाट कशी निघते, ते सविस्तर सांगतो.

बऱ्याच आईवडिलांच्या डोक्यात अजून जुना नियम असतो: 'हेडटीचरला वर्षाला दहा दिवस द्यायचा अधिकार आहे, द्यायचं की नाही हा त्यांच्या मर्जीचा प्रश्न.' इंग्लंडमध्ये ती तरतूद १ सप्टेंबर २०१३ पासून गेली. आज कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) शाळा असोत वा अकॅडमी (सरकारी पैशावरच्या, पण कौन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या शाळा), हेडटीचर अशी रजा फक्त अपवादात्मक परिस्थितीत देऊ शकतात, आणि तीही मूल ज्या पालकाकडे राहतं त्याने आधी अर्ज केला असेल तरच. गेल्यानंतर मागाहून मंजुरी देण्याची सोय नियमातच नाही, त्यामुळे 'आल्यावर भेटून समजावून सांगू' हा बेत तिथेच संपतो. सहल, सुट्टी, मौजमजा यांसाठीची गैरहजेरी अपवादात्मक धरू नये असं शिक्षण खात्याचं स्पष्ट मत आहे. 'अपवादात्मक' कशाला म्हणायचं याची यादी मात्र कुठेच दिलेली नाही. प्रत्येक अर्ज त्याच्या त्याच्या परिस्थितीवर पाहायचा असतो आणि किती दिवस द्यायचे हेही हेडटीचरच ठरवतात. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा एकाच कारणाला वेगवेगळं उत्तर देतात. त्यात अन्याय वाटला तरी बेकायदा काही नाही.

यादी नसली तरी अर्ज वाचणारा माणूस एक गोष्ट हमखास पाहतो: तारीख कोणी ठरवली? आईचा पीएचडीचा पदवीदान समारंभ मंगळवारी दुपारी दोनला आहे, तर ती तारीख विद्यापीठाची. वडिलांना राजवाड्यावर मानचिन्ह स्वीकारायला बोलावलं आहे, तर ती तारीख राजवाड्याची. नागरिकत्वाचा समारंभ कौन्सिल ठेवते, आणि तो बहुतेक आठवड्याच्या मधल्या दिवशीच असतो. अशा प्रसंगांना अर्धा दिवस किंवा एक दिवस मागितला तर बहुतेक हेडटीचर फार खळखळ करत नाहीत. आईचं किंवा वडिलांचं दुसरं लग्न असेल तर तारीख त्यांनीच ठरवलेली असते, तरी मूल तिथे नसणं कोणालाच योग्य वाटत नाही, म्हणून लग्नाचा एक दिवस सहसा मिळतो. मात्र लग्न परदेशात ठेवलं म्हणून पुढचा आठवडा मिळत नाही.

वाढदिवसाचं याच्या उलट. पन्नासावा वाढदिवस आयुष्यात एकदाच येतो हे खरं. पण एकोणपन्नासावाही एकदाच येतो, आणि साजरा शनिवारीही करता येतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचंही तेच. हेडटीचरच्या टेबलावर वर्षभरात चाळिशी, पन्नाशी, रौप्यमहोत्सव, काकांचं गृहप्रवेश, आतेबहिणीची मंगळागौर असे अर्ज येत असतात. एकाला आठ दिवस दिले तर दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही.

'पण हे धार्मिक आहे ना?' हा पुढचा प्रश्न आपल्या लोकांकडून नेमका येतो. हजेरीत धार्मिक दिवसासाठी वेगळा कोड आहे, 'आर'. तो लागतो तेव्हा गैरहजेरी अधिकृत धरली जाते. पण त्याची अट कडक आहे: तो दिवस पालकांच्या धर्मसंस्थेने धार्मिक पालनासाठीच राखून ठेवलेला असला पाहिजे. दिवाळी यात बसते. घरची शांत, वास्तुशांत, मुंज, सत्यनारायण बसत नाहीत, कारण तो दिवस तुमच्या घरापुरता ठरलेला आहे, धर्माने सगळ्यांसाठी ठरवलेला नाही. त्यामुळे अर्जात 'आर' कोडचा आग्रह धरू नका. शांतीचा उल्लेख जरूर करा, पण कौटुंबिक विधी म्हणून. दिवाळीच्या दिवशीही शाळा साधारण एकच दिवस धरते. पाडवा-भाऊबीज धरून सलग चार दिवस हवे असतील तर आधी विचारा. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, तेव्हा तो दिवस मागावाच लागणार नाही.

आता शांतीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गुरुकिल्ली तिथे आहे. पन्नाशीला वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन ही सगळी वयोवस्था शांतींची माळ आहे, आणि यातली कुठलीही इंग्रजी तारखेच्या वाढदिवसालाच करायची असा दंडक नाही. मुहूर्त पाहून पुढेमागे करतात, आणि पुण्यात कार्यालय, आचारी व गुरुजी तिघे एका दिवशी मोकळे मिळणं याच गोष्टीवर निम्मे मुहूर्त ठरतात हे आपण सगळे जाणतो. मग उलटं करा. गुरुजींना फोन करताना जन्मतिथी-नक्षत्रासोबत शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखाही द्या आणि 'यांतला दिवस काढा' असं सांगा. ऑक्टोबरची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी, बहुतेक ठिकाणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असते, पितृपक्ष तोवर उरकलेला असतो. वाढदिवसाच्या तीन आठवडे आधीचा दिवस चालत नसेल तर नाताळच्या दोन आठवड्यांतला पाहा. सासूबाईंना 'तारीख पंचांगातून आली' हे सांगणं 'शाळेने नाही म्हटलं' यापेक्षा सोपं जातं, हाही भाग आहेच.

हाफ टर्मचा हिशेब असा. शुक्रवारी सव्वातीनला शाळा सुटते. हीथ्रोहून रात्री नऊच्या सुमाराचं विमान धरलं तर साधारण नऊ-दहा तासांच्या उड्डाणाने शनिवारी दुपारी मुंबई, आणि संध्याकाळपर्यंत द्रुतगती मार्गाने पुणे. परतताना सकाळ-दुपारचं विमान घेतलं की घड्याळाचा फायदा मिळतो. मुंबईहून दुपारी निघून त्याच संध्याकाळी लंडनमध्ये उतरता येतं. म्हणजे शनिवार ते पुढचा शनिवार हातात, आणि रविवार झोप भरून काढायला. त्यात शाळेचा इन्सेट डे हाफ टर्मला जोडून आला तर आणखी एक दिवस फुकट मिळतो. हे दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे असतात, वर्षात पाच. मुलांना सुट्टी असते आणि प्रत्येक शाळेच्या तारखा वेगळ्या असतात. तुमच्या कौन्सिलच्या कॅलेंडरवर भिस्त ठेवू नका, शाळेच्याच संकेतस्थळावरचं पाहा. अकॅडमी तर सुट्ट्याही स्वतः ठरवतात. भाऊ वेगळ्या कौन्सिलमध्ये राहत असेल तर त्याच्या मुलांची सुट्टी तुमच्याशी जुळेलच असं नाही.

नोव्हेंबरमधलाच शनिवार-रविवार हवा असेल तर एक आखूड बेतही निघतो: शुक्रवारी रात्री निघणं, रविवारी पुण्यात शांत, सोमवारी दुपारच्या विमानाने परत, मंगळवारी शाळा. बुडतो फक्त सोमवार. लहान मुलांना घेऊन हे करणं म्हणजे अंगाचा भुगा आहे आणि मंगळवारी ती वर्गात पेंगणार आहेत, पण एका दिवसाची मागणी आणि आठ दिवसांची मागणी यांत हेडटीचरच्या लेखी फार अंतर आहे. सोमवारी पहाटे मुंबईहून निघून सकाळी उतरून थेट शाळेत सोडायचं, असं मात्र करू नका. विमान दोन तास उशिरा आलं की सगळंच फिसकटतं.

हजेरी दिवसावर मोजत नाहीत, सेशनवर मोजतात, हे नीट समजून घ्या. दिवसाची दोन सेशन्स: सकाळचं आणि दुपारचं. सकाळी सेशन सुरू होताना एकदा आणि दुपारच्या सेशनमध्ये एकदा रजिस्टर घेतलं जातं. वर्षाची १९० दिवसांची ३८० सेशन्स होतात. या मोजणीत तुमच्या कामाची गोष्ट आहे. आईचा पदवीदान समारंभ दुपारी तीनला आहे, गाडी दीडची आहे, शाळेत दुपारचं रजिस्टर एक वाजता होतं, तर सव्वाला मूल ऑफिसातून सही करून नेलं तरी दोन्ही सेशन्स हजर लागतात. समारंभ अकराला असेल तर सकाळ गेली, पण साडेबाराला परत आणून सोडलं तर दुपार वाचली. शाळेला आधी कळवून केलं तर यात काही गैर नाही, आणि अर्जात 'एक सेशन' असं लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, या घराने नीट विचार केला आहे. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: सकाळचं रजिस्टर बंद झाल्यावर मूल पोचलं, तर कारण पटण्यासारखं नसताना तो उशीर 'यू' कोडने लागतो आणि ते सेशन अनधिकृत गैरहजेरीत जातं. रजिस्टर जास्तीत जास्त अर्धा तास उघडं असतं.

दंडाचा उंबरठा याच सेशन्सवर आहे. १९ ऑगस्ट २०२४ पासून सगळ्या इंग्लंडला एकच चौकट लागू झाली. शाळेच्या कोणत्याही सलग दहा आठवड्यांत दहा अनधिकृत सेशन्स झाली की शाळेने पेनल्टी नोटिशीचा, म्हणजे दंडाच्या नोटिशीचा, विचार करायचा. दहा सेशन्स म्हणजे पाच दिवस. ती सलग असायला हवीत असं नाही, आणि त्यात परवानगी नसलेली सुट्टी, कारण न पटलेली गैरहजेरी, 'यू' कोडचा उशीर असं सगळं एकत्र मोजलं जातं. दहा आठवड्यांची खिडकी पुढे सरकत राहते आणि टर्म किंवा शालेय वर्ष बदललं म्हणून पुसली जात नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले तीन दिवस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीचे दोन अशी बेरीज होऊन नोटीस येते, आणि आईबाप चकित होतात.

इथे एक हुशारी हमखास सुचते: चारच दिवस नेऊ, आठ सेशन्स, उंबरठ्याच्या आत. एकदा केलंत तर बहुधा निभावतं. पण उंबरठा म्हणजे हमी नव्हे. त्याआधीही नोटीस काढायचा अधिकार कौन्सिलकडे राखलेला आहे, आणि सरकारी मार्गदर्शनात उदाहरण म्हणून दिलंय तेच मुळी हे: उंबरठा चुकवत पुन्हा पुन्हा छोट्या सुट्ट्या घेणारे, आणि वाढदिवस वगैरे घरगुती प्रसंगांसाठी वारंवार मूल घरी ठेवणारे पालक. नोव्हेंबरात बाबांची पन्नाशी, फेब्रुवारीत आजोबांची पंचाहत्तरी, मेमध्ये मावशीचं लग्न, प्रत्येक वेळी चार दिवस, हा साचा अटेंडन्स ऑफिसरला पहिल्या नजरेत दिसतो.

रक्कम: २१ दिवसांत भरली तर ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६०. ही प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला. दोन मुलं, दोन पालक म्हणजे चार नोटिसा, ३२० पौंड. तीन आठवड्यांची मुदत गेली की ६४०. हप्ते मिळतील असं गृहीत धरू नका. अर्जावर सही कोणाची आहे यालाही अर्थ नाही. ज्या ज्या पालकाने गैरहजेरी होऊ दिली त्या सगळ्यांना येऊ शकते. त्याच पालकाला त्याच मुलाबद्दल तीन वर्षांत दुसरी नोटीस आली तर सवलत नाही, सरळ १६०. तिसऱ्या वेळी नोटीसच येत नाही. पुढचा रस्ता बहुतेक कोर्टाचा. घर बदलून दुसऱ्या कौन्सिलमध्ये गेलं की पाटी कोरी, हा समजही चुकीचा. चौकट सगळ्या इंग्लंडची एकच आहे.

तुमच्या बाबतीत मुलीची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमध्ये शिक्षणाची सक्ती पाचव्या वाढदिवशी सुरू होत नाही. वाढदिवसानंतर येणारी ३१ डिसेंबर, ३१ मार्च किंवा ३१ ऑगस्ट यांपैकी जी तारीख आधी, तिच्यानंतरच्या टर्मपासून सुरू होते. मुलीला डिसेंबरात पाच पूर्ण होतात, म्हणजे सक्ती जानेवारीपासून. नोव्हेंबरात तिच्यासाठी पेनल्टी नोटीस निघू शकत नाही. शाळेला मात्र आवडणार नाही आणि कळवायला हवंच. मुलासाठी दोघांचे मिळून १६० पौंड आले ते यातूनच.

नोटिशीविरुद्ध अपिलाची कायदेशीर सोय नाही. चुकून निघाली असेल, म्हणजे रजा मंजूर होती किंवा मूल खरंच आजारी होतं, तर पुराव्यानिशी कौन्सिलला लिहा. मागे घेता येते. भरलीच नाही तर खटला दंड थकवल्याबद्दल होत नाही, मूळ गैरहजेरीबद्दल होतो, १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या कलम ४४४ खाली. साध्या गुन्ह्याला १,००० पौंडांपर्यंत दंड, जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर २,५०० पर्यंत आणि तीन महिन्यांपर्यंतची कैदही कायद्यात आहे. भरलेली नोटीस म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. कोर्टातली शिक्षा मात्र तशी आहे. व्हिसा, कायम वास्तव्य किंवा नागरिकत्वाचा अर्ज रांगेत असलेल्यांनी हा फरक डोक्यात पक्का ठेवावा आणि पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकू नये. प्रकरण कोर्टात जाण्याइतकं वाढलं असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा.

'पण माझ्या मुलाची हजेरी ९७ टक्के आहे' हा बचाव सर्वोच्च न्यायालयात हरलेला आहे. आयल ऑफ वाइटचे जॉन प्लॅट यांनी २०१५ मध्ये मुलीला टर्म चालू असताना फ्लोरिडाला नेलं, ६० पौंडांचा दंड नाकारला, आणि मुलगी एरवी नियमित आहे असा मुद्दा मांडला. खालच्या कोर्टांत ते जिंकले. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: 'नियमित' म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे हजर, टक्केवारीवर नव्हे. चांगली हजेरी अर्जात लिहा, तिचा हेडटीचरवर परिणाम होतो. ती ढाल म्हणून मात्र चालत नाही.

आजारपणाच्या सोंगाबद्दल. शाळेतल्या ऑफिसात हे वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. पहिल्या दिवशी शाळेचा फोन येतो आणि पलीकडे कधीकधी परदेशी रिंग वाजते. भावंडं दोन शाळांत असली तर दोन्ही ऑफिसं एकमेकांना विचारतात. नोव्हेंबरात मूल उन्हाने रापून येतं, हाताला मेंदी असते, आणि रिसेप्शनमधली मुलगी सोमवारच्या गोष्टीच्या तासाला आजीकडची गाय सांगून मोकळी होते. तिला खोटं बोलायला शिकवणार आहात का? शंका आली की शाळा वैद्यकीय पुरावा मागू शकते, आणि तो नसेल तर कोड बदलून अनधिकृत लावते. म्हणजे दंड तोच, वर हेडटीचरचा विश्वास गेला, आणि पुढच्या वेळी आजोबांच्या आजारपणासाठी खरोखर जावं लागलं तर तो अर्ज कोणी सरळ नजरेने वाचणार नाही. ते नुकसान ८० पौंडांहून मोठं आहे.

अर्ज कसा करावा. शाळेचा स्वतःचा फॉर्म असतो, ऑफिसात किंवा संकेतस्थळावर. तोच वापरा, वर्गशिक्षिकेला गेटवर तोंडी सांगणं धरलं जात नाही. महिनाभर आधी द्या आणि तिकीट काढण्याआधी द्या. तिकिटाची प्रत जोडणं हा सर्वांत नेहमीचा घोटाळा: पालकांना वाटतं पुरावा दिला, वाचणाऱ्याला दिसतं की आधी ठरवून टाकलं आणि आता विचारताहेत. स्वस्त भाडं हे कारण तर चुकूनही लिहू नका. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरतो. तुमचा सोमवारचा बेत असता तर मी साधारण असा लिहिला असता. इंग्रजीत तुमच्या शब्दांत करा:

'माझ्या पतीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त आमच्या कुटुंबात परंपरेने एक विधी होतो. तो पुण्यात रविवार, अमुक तारखेला आहे. मुलांचा त्यात सहभाग असतो. आम्ही शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघू आणि मंगळवारी मुलं वेळेवर शाळेत असतील. सोमवारची दोन सेशन्स बुडतील, तेवढ्यासाठी परवानगीची विनंती आहे. ऑक्टोबरच्या सुट्टीत हा विधी ठेवण्याचा प्रयत्न केला, पण अमुक कारणाने जमला नाही. या वर्षी दुसरी रजा मागितलेली नाही. मुलाची आत्तापर्यंतची हजेरी इतकी आहे.'

'अमुक कारणाने' ही जागा सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिथे खरं कारण असलं पाहिजे. वडील घरातले एकटेच मुलगे आणि आजोबांचं ऑपरेशन ऑक्टोबरात ठरलंय, आईची हॉस्पिटलातली ड्यूटी बदलून मिळत नाही आणि तसं पत्र आहे, अशी कारणं चालतात. निमंत्रणपत्रिका किंवा विद्यापीठाचं ईमेल जोडा. मराठीत असेल तर खाली दोन ओळींत अर्थ लिहा. उत्तर लेखी घ्या. 'बघू या' म्हणजे मंजुरी नव्हे. मंजूर झालं तर रजिस्टरमध्ये 'सी' कोड लागतो, नामंजूर असताना गेलात तर 'जी'. परत आल्यावर मुलाच्या हजेरीच्या पानावर कोणता कोड आहे तो एकदा तपासा. ऑफिसच्या चुका होतात आणि त्या आठवडाभरात सुधारून घेणं सोपं असतं.

नकार आला तर भांडू नका, कमी मागून पाहा. आठ दिवसांच्या नकारानंतर एका दिवसाचा नवा अर्ज मंजूर होऊ शकतो. गव्हर्नरांकडे (शाळेच्या नियामक मंडळाकडे) धाव घेऊन निर्णय फिरत नाही. तक्रारीची शाळेची पद्धत आहे, पण ती निर्णय कसा घेतला यासाठी, मनाजोगा निर्णय मिळवण्यासाठी नव्हे.

काही इयत्तांत तर विचारूच नका असं माझं मत आहे. यिअर सिक्सचा मे महिना सॅट्सचा, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या राष्ट्रीय चाचण्यांचा. यिअर वनचा जून फोनिक्सचा (अक्षरांच्या उच्चारांवरून वाचण्याच्या चाचणीचा) आणि यिअर फोरचा जून पाढ्यांच्या चाचणीचा. यिअर टेन आणि इलेव्हनमध्ये जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी बोर्डाची परीक्षा. स्लाऊ, सटन, बकिंगहॅमशायरकडच्या ग्रामर शाळांची (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांची) प्रवेशपरीक्षा सप्टेंबरात असते, म्हणून यिअर सिक्सची सुरुवातही जपावी. तुमचा मुलगा यिअर फाइव्हमध्ये आहे. अभ्यासाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात हे मोकळं वर्ष.

एवढं ऐकून 'दंड भरून आठ दिवस जाऊच' असं ठरवणारे असतात, आणि हाफ टर्मच्या तिकिटांचा चौघांचा आकडा पाहिला की त्यांचा हिशेब समजतो. जायचंच असेल तर उघडपणे जा. अर्ज करा, नकार घ्या, तारखा कळवा, नोटीस आली की २१ दिवसांत भरा. पण हे लक्षात घेऊन: तीन वर्षांची घडी तिथून सुरू होते, आणि पुढच्या तीन वर्षांत तुमच्याकडे आणखी काय काय येणार आहे ते आजच मोजा. सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ असेल तर पहिली, स्वस्तातली नोटीस पन्नाशीवर खर्च करावी का, हा विचार करण्यासारखा आहे. आजी-आजोबांच्या प्रसंगासाठी, विशेषतः वय आणि प्रकृती पाहता, हेडटीचर थोडे मोकळेपणाने एखाद-दोन दिवस देतात.

परतीची तारीख लांबू देऊ नका. परवानगीची मुदत संपल्यावर मूल दहा शालेय दिवस आलं नाही, किंवा विनापरवानगी सलग वीस शालेय दिवस गैरहजर राहिलं, आणि शाळा व कौन्सिलला शोधूनही पत्ता लागला नाही, तर नाव पटावरून कमी होऊ शकतं. भारतात कोणी आजारी पडलं, डेंग्यू झाला, विमान रद्द झालं, तर त्याच दिवशी ईमेल करा आणि डॉक्टरांचा कागद ठेवा. नाव काढून 'घरी शिकवतो' असं लिहून द्यायचं आणि आल्यावर परत घालायचं, हा सल्ला कोणी दिला तर कानावर घेऊ नका. जिथे वेटिंग लिस्ट आहे तिथे ती जागा दुसऱ्या दिवशी जाते.

वेगळे राहणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट. प्रसंग वडिलांचा असला आणि मूल एरवी आईकडे राहत असलं तर शाळेचा अर्ज आईनेच करायचा. मूल देशाबाहेर न्यायचं तर पालकत्वाचा अधिकार असलेल्या प्रत्येकाची संमती लागते, नाहीतर १९८४ च्या बालअपहरण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो; मूल आपल्याकडे राहील असा कोर्टाचा आदेश ज्याच्याकडे आहे त्याला २८ दिवसांपर्यंतची सूट आहे. संमती लेखी घ्या, तारखा आणि पत्ता घालून, आणि विमानतळावर सोबत ठेवा.

हे सगळं इंग्लंडमधल्या सरकारी पैशावरच्या शाळांचं. खासगी शाळा रजेचं स्वतः ठरवतात. वेल्समध्ये हेडटीचरला वर्षाला दहा दिवसांपर्यंत देण्याचा अधिकार अजून आहे आणि दंड २८ दिवसांत ६० पौंड, नंतर १२०. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये अशा पेनल्टी नोटिसा नाहीत, गैरहजेरी मात्र अनधिकृत म्हणून नोंदली जाते. कार्डिफच्या वहिनींनी सहज दहा दिवस मिळवले म्हणून रेडिंगला तेच मिळेल असं नाही, ते यामुळे.

तुम्ही आता करायचं ते एवढंच: गुरुजींना आजच फोन, शाळेच्या संकेतस्थळावरून इन्सेट डेसकट तारखांचं पान त्यांना व्हॉट्सॲपवर, आणि मुहूर्त कळेपर्यंत तिकीट नाही.